वृद्धांमधील महाधमनी झडपेचे अरुंदीकरण

महाधमनी झडपेचे अरुंदीकरण किंवा एऑर्टिक स्टेनोसिस हा हृदयाच्या झडपेचा विकार आहे. हृदयाची डावी जवनिका (शालेय पुस्तकांतील डावे निलय) आणि शरीराला शुद्ध रक्त पुरवणारी महाधमनी यांच्यामधील झडप या विकारात जाड व ताठ होते. ती पूर्णपणे उघडत नसल्याने रक्ताचा मार्ग अरुंद होतो आणि हृदयाला अधिक जोर लावून रक्त ढकलावे लागते. वयाच्या पासष्टीनंतर आढळणाऱ्या या विकाराचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे झडपेच्या पाकळ्यांमध्ये कॅल्शियम साचणे हे होय.

विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात हा विकार वार्धक्यातील अटळ झीज मानला जात असे. धाप, थकवा, चक्कर ही त्याची लक्षणेही वयाचा परिणाम समजली जात, आणि अनेक वृद्ध रुग्णांना केवळ वयामुळे शस्त्रक्रियेस अयोग्य ठरवले जाई. १९९० नंतर वृद्धांवर झालेल्या अभ्यासांनी ही समजूत बदलली. हा विकार वयाबरोबर वाढत असला तरी तो म्हातारपणाचा सर्वसाधारण भाग नाही, झडपेतील बदल ही एक सक्रिय रोगप्रक्रिया आहे आणि ऐंशी वर्षांवरील रुग्णांनाही योग्य उपचारांचा लाभ होतो, हे त्या अभ्यासांतून स्पष्ट झाले.

झडपेची रचना व कार्य

महाधमनी झडपेला सामान्यतः अर्धचंद्राच्या आकाराच्या तीन पाकळ्या असतात. डावी जवनिका आकुंचन पावली की त्या उघडतात आणि जवनिका शिथिल होताच मिटतात, त्यामुळे महाधमनीतील रक्त मागे परतत नाही. मिनिटाला सत्तर ठोके धरले, तर ही झडप एका दिवसात सुमारे एक लाख वेळा उघडते व मिटते. प्रौढ व्यक्तीत पूर्ण उघडलेल्या झडपेचे क्षेत्रफळ ३ ते ४ चौरस सेंटीमीटर असते. ते निम्म्याहून कमी होईपर्यंत रक्तप्रवाहात फारसा अडथळा येत नाही. म्हणून विकार वर्षानुवर्षे लक्षणांविना वाढू शकतो. क्षेत्रफळ १ चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून कमी झाल्यास अरुंदीकरण तीव्र मानले जाते.

कारणे

या विकाराची तीन प्रमुख कारणे आहेत.

कॅल्शियमयुक्त अरुंदीकरण : तीन पाकळ्यांच्या मूळच्या निरोगी झडपेत उतारवयात कॅल्शियम साचते. वृद्ध रुग्णांमध्ये हे कारण सर्वाधिक आढळते.

द्विदली झडप : सुमारे १ ते २ टक्के लोकांच्या झडपेत जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. अशा झडपेवर ताण असमान पडतो आणि कॅल्शियम साचण्याची क्रिया एक ते दोन दशके आधी सुरू होते. पन्नाशी-साठीत तीव्र अरुंदीकरण आढळल्यास हे कारण प्रथम विचारात घेतले जाते.

संधिवातज्वर : बालपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या संधिवातज्वरामुळे पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात. अशा रुग्णांत बहुधा डाव्या बाजूची द्विदल झडपही (मायट्रल झडप) बिघडलेली असते. संपन्न देशांत हे कारण आता दुर्मीळ झाले असले तरी भारतात ते अद्याप आढळते.

झीज की रोग?

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ योहान म्योंकेबर्ग यांनी १९०४ मध्ये वृद्धांच्या महाधमनी झडपेत कॅल्शियम साचल्याने होणाऱ्या अरुंदीकरणाचे वर्णन केले. त्यानंतर अनेक दशके याचे स्पष्टीकरण यांत्रिक झिजेच्या कल्पनेतून दिले जात होते : दाराची बिजागरी वापरून झिजते तशी झडपही झिजते, असे मानले जाई.

कॅथरीन ऑटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये झडपेच्या अगदी प्रारंभिक विकृतींचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना पाकळ्यांमध्ये चरबीयुक्त कण, दाहाशी संबंधित पेशी आणि कॅल्शियमचे सूक्ष्म साठे आढळले. पुढील संशोधनातून या प्रक्रियेचे दोन टप्पे मांडले गेले. पहिल्या टप्प्यात पाकळीचे आवरण दुखावते, तेथे चरबी शिरते आणि दाह सुरू होतो. या टप्प्याचे रोहिणीकाठिण्याशी साम्य आहे. दुसऱ्या टप्प्यात झडपेतील पेशी हाड तयार करणाऱ्या पेशींसारखे वर्तन करू लागतात आणि कॅल्शियम साचण्याची क्रिया स्वतःच स्वतःला पुढे नेते. काही रुग्णांच्या झडपेत प्रत्यक्ष अस्थिऊतीही सापडते.

वय, उच्च रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार हे धोका वाढवणारे घटक आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात लायपोप्रोटीन (ए) या चरबीयुक्त प्रथिनाच्या जनुकातील एका बदलाचा झडपेत कॅल्शियम साचण्याशी थेट संबंध दिसून आला. या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते.

हृदयावर होणारे परिणाम

झडप अरुंद झाली की डाव्या जवनिकेतील दाब महाधमनीतील दाबापेक्षा बराच वाढतो. या वाढीव भाराशी जुळवून घेण्यासाठी जवनिकेची भिंत जाड होते. सुरुवातीला हा बदल उपकारक ठरतो, कारण त्यामुळे हृदयातून बाहेर पडणारे रक्त पुरेसे राहते. कालांतराने मात्र जाड झालेला स्नायू ताठ होतो, त्यात तंतुमय ऊती वाढते आणि शिथिलनाच्या वेळी जवनिका नीट भरत नाही. परिणामी फुप्फुसांत दाब वाढून धाप लागते. शेवटच्या टप्प्यात स्नायूची आकुंचनशक्तीही कमी होते.

वृद्धांमध्ये या भारात आणखी एक भर पडते. वयोमानानुसार महाधमनी व इतर रोहिण्या ताठ होतात आणि बहुतेक रुग्णांना उच्च रक्तदाबही असतो. त्यामुळे जवनिकेला अरुंद झडप आणि ताठ रोहिण्या असे दोन अडथळे पार करावे लागतात. रक्तदाब अधिक असलेल्या व्यक्तीलाही तीव्र अरुंदीकरण असू शकते.

लक्षणे

श्रमाने धाप लागणे, छातीत दुखणे आणि श्रम करताना घेरी येणे किंवा शुद्ध हरपणे ही या विकाराची तीन प्रमुख लक्षणे मानली जातात. वृद्धांमध्ये ती स्पष्टपणे पुढे येतातच असे नाही. धाप लागू लागली की व्यक्ती नकळत आपल्या हालचाली कमी करते : जिना टाळते, बाजारात जाणे सोडते, फिरण्याचे अंतर घटवते. त्यानंतर विचारल्यास ‘त्रास काही नाही’ असे उत्तर मिळते आणि ते खरेही असते, कारण त्रास होईल असे काही करणेच थांबलेले असते. गुडघेदुखी, फुप्फुसांचे विकार, रक्तक्षय किंवा स्मृतिभ्रंश सोबत असल्यास लक्षणांचे मूळ ओळखणे अधिक कठीण होते. म्हणून चिकित्सक केवळ आजच्या तक्रारी न विचारता सहा महिन्यांपूर्वी किंवा वर्षापूर्वी सहज जमणारी कोणती कामे आता जमत नाहीत, हे रुग्णाला व त्याच्या घरच्या मंडळींना विचारतात.

काही वृद्ध रुग्णांत आतड्यातील नाजूक रक्तवाहिन्यांतून वारंवार रक्तस्राव होतो. अमेरिकी चिकित्सक एडवर्ड हाइड यांनी १९५८ मध्ये या दोन विकारांचा एकत्र आढळ नोंदवला, म्हणून त्यास हाइड लक्षणसमूह म्हणतात. अरुंद झडपेतून वेगाने जाताना रक्त गोठण्यास आवश्यक असलेल्या व्हॉन विलब्रँड घटकाचे मोठे रेणू तुटतात, हे त्याचे कारण आहे. झडप बदलल्यावर अनेक रुग्णांचा रक्तस्राव थांबतो.

लोकसंख्येतील प्रमाण

रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांवरून विकाराचे खरे प्रमाण कळत नाही, म्हणून सर्वसाधारण वृद्ध लोकसंख्येची इकोकार्डिओग्राफीने तपासणी करणारे अभ्यास महत्त्वाचे ठरले.

फिनलंडमधील हेलसिंकी येथे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५ ते ८६ वर्षे वयाच्या व्यक्तींपैकी २.९ टक्के व्यक्तींत अतितीव्र अरुंदीकरण आढळले. अमेरिकेतील ‘कार्डिओव्हॅस्क्युलर हेल्थ स्टडी’ या अभ्यासात पासष्टीपुढील पाच हजारांहून अधिक व्यक्तींची तपासणी झाली. त्यांच्यापैकी सुमारे २ टक्क्यांना अरुंदीकरण होते, तर एक चतुर्थांशाहून अधिक व्यक्तींच्या पाकळ्या अडथळा न करण्याइतपत जाड झालेल्या होत्या. या दुसऱ्या अवस्थेस काठिण्य किंवा स्क्लेरोसिस म्हणतात. १९९९ मधील विश्लेषणानुसार अशा व्यक्तींमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू येण्याचा धोका सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होता. झडपेचे काठिण्य ही निरुपद्रवी खूण नसल्याचे त्यावरून दिसून आले.

नॉर्वेतील ट्रोम्सो येथील अभ्यासाने वयाचा परिणाम ठळकपणे दाखवला. तेथे विकाराचे प्रमाण ५० ते ५९ या वयोगटात ०.२ टक्के, ६० ते ६९ मध्ये १.३ टक्के, ७० ते ७९ मध्ये ३.९ टक्के आणि ८० ते ८९ मध्ये ९.८ टक्के होते. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड परिसरात पासष्टीपुढील २,५०० व्यक्तींची तपासणी केली असता ६.४ टक्के व्यक्तींत झडपांचा मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा विकार प्रथमच लक्षात आला. त्यात महाधमनीखेरीज इतर झडपांच्या विकारांचाही समावेश होता. वृद्धांतील झडपांचे विकार मोठ्या प्रमाणावर निदानाविना राहतात, हा या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष होता.

निदान

स्टेथोस्कोपने छातीच्या वरच्या भागात उजवीकडे ऐकू येणारा आणि मानेकडे पसरणारा खरखरीत मर्मर ध्वनी ही निदानाची पहिली पायरी असते. मानेतील नाडी संथपणे वर येणे हे तीव्र विकाराचे पारंपरिक चिन्ह आहे; परंतु वृद्धांच्या ताठ रोहिण्यांमुळे ते झाकले जाऊ शकते. हृदयाची शक्ती क्षीण झाली असल्यास मर्मर ध्वनीही मंद होतो. त्यामुळे मंद मर्मरावरून विकार सौम्य असल्याचे ठरवता येत नाही.

निश्चित निदान इकोकार्डिओग्राफीने होते. बोलीभाषेत ‘टूडी इको’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने झडपेची हालचाल पाहतात आणि डॉप्लर तंत्राने रक्ताचा वेग मोजतात. मार्ग जितका अरुंद, तितका रक्ताचा वेग अधिक. तीव्रतेचे सर्वसाधारण निकष पुढीलप्रमाणे आहेत.

सौम्य : रक्ताचा सर्वोच्च वेग सेकंदाला २ ते २.९ मीटर, दाबातील सरासरी फरक २० मिलिमीटर पाऱ्याहून कमी.

मध्यम : वेग ३ ते ३.९ मीटर, दाबातील सरासरी फरक २० ते ३९ मिलिमीटर.

तीव्र : वेग ४ मीटर किंवा अधिक, दाबातील सरासरी फरक ४० मिलिमीटर किंवा अधिक, झडपेचे क्षेत्रफळ सामान्यतः १ चौरस सेंटीमीटर किंवा कमी.

हे निकष नेहमीच एकमेकांशी जुळत नाहीत. अनेक वृद्धांत क्षेत्रफळ तीव्र गटात, पण वेग व दाबातील फरक मध्यम गटात येतो. जवनिका दुर्बळ असल्यास किंवा जाड भिंतींमुळे तिची पोकळी लहान झाली असल्यास प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडते आणि त्यामुळे वेगही कमी भरतो. अशा वेळी सीटी स्कॅनने झडपेतील कॅल्शियम मोजले जाते. मोजमापाच्या अगास्टन एककांत पुरुषांत सुमारे २,००० आणि स्त्रियांत सुमारे १,२०० ही पातळी तीव्र विकाराची शक्यता दर्शवते. स्त्रियांच्या झडपेत कॅल्शियमच्या तुलनेत तंतुमय ऊती अधिक असल्याने त्यांच्यासाठी वेगळी पातळी ठरवण्यात आली आहे.

झडपेसाठी कॅथेटरद्वारे उपचार घेणाऱ्या वृद्धांपैकी साधारण आठांत एकाला हृदयाच्या स्नायूत ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाचे साठे होण्याचा विकारही असतो. त्याचे निदान केंद्रकीय स्कॅनने करता येते.

विकाराची वाटचाल

विकाराचा वेग व्यक्तीनुसार बदलतो. कॅथरीन ऑटो यांच्या १९९७ मधील अभ्यासात लक्षणे नसलेल्या १२३ प्रौढांचा पाठपुरावा करण्यात आला. त्यात रक्ताचा सर्वोच्च वेग वर्षाला सरासरी ०.३ मीटर प्रति सेकंद एवढा वाढला आणि झडपेचे क्षेत्रफळ सुमारे ०.१ चौरस सेंटीमीटरने घटले. व्हिएन्ना येथे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणे नसलेल्या तीव्र विकाराच्या १२८ रुग्णांचा मागोवा घेण्यात आला. ज्यांच्या झडपेत बरेच कॅल्शियम होते आणि वर्षभरात वेग ०.३ मीटर किंवा अधिक वाढला होता, त्यांच्यापैकी ७९ टक्के रुग्णांवर दोन वर्षांत शस्त्रक्रिया करावी लागली किंवा त्यांचा मृत्यू झाला.

लक्षणे सुरू झाल्यावर विकाराची वाटचाल झपाट्याने बदलते. जॉन रॉस व यूजीन ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्ये उपलब्ध माहितीच्या आधारे ही बाब एका आलेखात मांडली. त्यानुसार झडप न बदलल्यास छातीत दुखणे सुरू झाल्यापासून सुमारे पाच, शुद्ध हरपल्यापासून सुमारे तीन आणि हृदयाची अकार्यक्षमता दिसू लागल्यापासून सुमारे दोन वर्षे आयुष्य उरते. हा आलेख आजही शिकवला जातो, मात्र त्यातील रुग्ण आजच्या रुग्णांपेक्षा बरेच तरुण होते.

औषधांच्या चाचण्या

रोहिणीकाठिण्याशी असलेल्या साम्यामुळे कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे झडपेचा विकारही रोखतील, अशी अपेक्षा होती. पूर्वीच्या काही निरीक्षणांतून तसे संकेतही मिळाले होते. ही अपेक्षा तीन यादृच्छिक चाचण्यांत, म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवलेल्या चाचण्यांत, तपासली गेली : स्कॉटलंडमधील ‘सॉल्टायर’ (२००५), १,८७३ रुग्णांचा समावेश असलेली ‘सीज’ (२००८) आणि कॅनडातील ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमर’ (२०१०). तिन्हींत कोलेस्टेरॉल कमी झाले, पण झडपेचे अरुंदीकरण रोखले गेले नाही.

हाडांची झीज रोखणारी डेनोसुमॅब व अ‍ॅलेंड्रोनेट ही औषधे २०२१ मध्ये, तर जीवनसत्त्व के-२ व ड यांचे मिश्रण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निष्प्रभ ठरले. उच्च रक्तदाब, मधुमेह व हृदयाच्या अकार्यक्षमतेसाठी औषधे आवश्यक असतात. तथापि झडपेतील बदल थांबवणारे किंवा उलटवणारे औषध उपलब्ध नाही. तीव्र व लक्षणे देणाऱ्या विकारावर झडप बदलणे हाच परिणामकारक उपचार आहे.

झडप बदलण्याचे उपचार

शस्त्रक्रिया : अमेरिकी शल्यचिकित्सक ड्वाइट हार्केन यांनी १९६० मध्ये महाधमनी झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसवली. या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उघडून, हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने हृदय थांबवून झडप बदलतात. धातू व कार्बनची यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, पण रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. गाय किंवा डुकराच्या ऊतीपासून बनवलेल्या जैविक झडपेला बहुधा त्याची गरज नसते, मात्र ती काही वर्षांनी खराब होऊ शकते. वृद्धांत सामान्यतः जैविक झडप निवडली जाते.

फुग्याने झडप रुंदावणे : फ्रान्समधील रुआं येथील हृदयरोगतज्ज्ञ अलँ क्रिबिए यांनी १९८५ मध्ये शस्त्रक्रियेस अयोग्य ठरलेल्या रुग्णांसाठी ही पद्धत वापरली. तिने तात्पुरता आराम मिळे, पण काही महिन्यांत झडप पुन्हा अरुंद होई.

कॅथेटरद्वारे झडप बसवणे : हा उपचार ‘टावी’ या लघुनामाने ओळखला जातो. डेन्मार्कमधील हेनिंग रुड अँडरसन यांनी १९८९ मध्ये घडी घालता येणारी झडप डुकरांच्या शरीरात बसवून दाखवली. क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी ही पद्धत मानवात प्रथम वापरली. रुग्ण ५७ वर्षांचा व अत्यवस्थ होता आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया करणे शक्य नव्हते. आज बहुतेक वेळा जांघेतील रोहिणीतून कॅथेटर नेऊन नवी झडप जुन्या झडपेच्या आत उघडली जाते. छाती उघडावी लागत नाही आणि अनेकदा संपूर्ण भूलही द्यावी लागत नाही.

टावीच्या चाचण्या

युरोपातील ९२ रुग्णालयांच्या एका सर्वेक्षणातील माहिती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीव्र अरुंदीकरण व लक्षणे असलेल्या, पंचाहत्तरीपुढील २१६ रुग्णांपैकी ३३ टक्के रुग्णांवर शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय घेतला गेला होता. अधिक वय आणि जवनिकेचे घटलेले कार्य या निर्णयाशी सर्वाधिक निगडित होते. इतर सहव्याधींचा प्रभाव त्या मानाने कमी होता.

अशाच वंचित रुग्णांवर ‘पार्टनर’ चाचणी बेतलेली होती. शस्त्रक्रियेस अयोग्य ठरलेल्या, सरासरी ८३ वर्षे वयाच्या ३५८ रुग्णांपैकी निम्म्यांवर टावी, तर निम्म्यांवर प्रचलित उपचार करण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण प्रचलित उपचारांच्या गटात ५०.७ टक्के, तर टावीच्या गटात ३०.७ टक्के होते. दर पाच रुग्णांवर टावी केल्यास वर्षअखेरीस आणखी एक रुग्ण जिवंत राहतो, असा याचा अर्थ होतो. मात्र टावीच्या गटात पहिल्या महिन्यात मोठ्या पक्षाघाताचे प्रमाण अधिक होते. उपचार मिळूनही वर्षभरात जवळजवळ एक तृतीयांश रुग्ण दगावले, ही बाबही पुढील संशोधनाला दिशा देणारी ठरली.

शस्त्रक्रियेचा धोका अधिक असलेल्या ६९९ रुग्णांच्या चाचणीत (२०११) वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण टावीनंतर २४.२ टक्के व शस्त्रक्रियेनंतर २६.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखे होते. २०१९ मध्ये कमी धोक्याच्या रुग्णांवरील दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी ‘पार्टनर ३’ मध्ये मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण वर्षअखेरीस टावीच्या गटात ८.५ टक्के व शस्त्रक्रियेच्या गटात १५.१ टक्के होते. पाच वर्षांनंतर हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय राहिला नाही. उत्तर युरोपातील ‘नोशन’ चाचणीत सत्तरीपुढील २८० रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला. तेव्हा दोन्ही गटांतील मृत्यूचे प्रमाण जवळजवळ समान होते.

टावीनंतर हृदयातील विद्युतवहनाचा मार्ग दबला गेल्याने काही रुग्णांना पेसमेकर बसवावा लागतो. नव्या झडपेच्या कडेने रक्त गळणे, जांघेतील रक्तवाहिनीला इजा आणि पक्षाघात हे इतर धोके आहेत.

वय, दुर्बलता आणि निर्णय

जन्मतारखेवरून येणारे वय आणि शरीराची राखीव शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वृद्धांवरील अभ्यासांनी अधोरेखित केले. ही राखीव शक्ती घटण्याच्या अवस्थेस दुर्बलता किंवा फ्रेल्टी म्हणतात. २०१० मधील एका अभ्यासात हृदयशस्त्रक्रियेपूर्वी पाच मीटर चालायला सहा सेकंद किंवा अधिक वेळ लागणाऱ्या वृद्धांमध्ये गुंतागुंत व मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,०२० रुग्णांच्या अभ्यासाने चार साध्या गोष्टींवर आधारलेली मोजपट्टी मांडली : खुर्चीतून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठणे, आकलनशक्ती, रक्तातील हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन. झडप बदलल्यानंतर वर्षभरात कोणाला अधिक धोका आहे, याचा अंदाज या मोजपट्टीने इतर दुर्बलता-मोजपट्ट्यांपेक्षा चांगला येतो.

दुर्बलता झडपेच्या विकारामुळे आली असेल, तर उपचारानंतर ती कमी होऊ शकते. ती इतर गंभीर व्याधींमुळे असेल, तर झडप बदलूनही जीवनमान सुधारत नाही, आणि अशा वेळी लक्षणे सुसह्य करणारे परिहारक उपचार अधिक योग्य ठरतात. हृदयरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि शक्य तेथे वृद्धरोगतज्ज्ञ यांनी रुग्ण व कुटुंबीयांशी चर्चा करून निर्णय घ्यावा, अशी शिफारस केली जाते. अमेरिकेच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांखालील रुग्णांसाठी शस्त्रक्रिया आणि ८० वर्षांवरील रुग्णांसाठी टावी सामान्यतः श्रेयस्कर मानली जाते. मधल्या वयोगटात दोन्ही पर्याय खुले ठेवले आहेत.

लक्षणे नसलेले रुग्ण

विकार तीव्र असूनही लक्षणे नसतील, तर थांबावे की झडप बदलावी, हा दीर्घकाळ वादाचा विषय राहिला. प्रचलित पद्धतीनुसार अशा रुग्णांची दर सहा महिने ते एक वर्षाने, मध्यम विकारात एक ते दोन वर्षांनी आणि सौम्य विकारात तीन ते पाच वर्षांनी टूडी इको केली जाते.

पासष्टीपुढील, लक्षणे नसलेल्या ९०१ रुग्णांवरील ‘अर्ली टीएव्हीआर’ चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. मृत्यू, पक्षाघात किंवा अचानक रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण लवकर टावी केलेल्या गटात २६.८ टक्के, तर निरीक्षणाखाली ठेवलेल्या गटात ४५.३ टक्के होते. हा फरक प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रसंगांमुळे पडला. मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. निरीक्षणाखालील ८७ टक्के रुग्णांना पाठपुराव्याच्या काळात झडप बदलून घ्यावी लागली. त्याच वर्षीच्या, हृदयस्नायूत तंतुमय बदल असलेल्या २२४ रुग्णांच्या ‘इव्हॉल्व्ह्ड’ चाचणीत मात्र लवकर उपचार केल्याने मृत्यू किंवा विकाराशी संबंधित अचानक दाखल होण्याचे एकत्रित प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही.

भारतातील स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढील सुमारे १०.४ कोटी व्यक्ती होत्या. ही संख्या वाढत असल्याने संधिवातज्वरामुळे होणाऱ्या विकाराबरोबरच कॅल्शियमयुक्त अरुंदीकरणाचे रुग्णही वाढत आहेत. त्यामुळे दोन्ही प्रकारांच्या रुग्णांची सोय एकाच आरोग्यव्यवस्थेला करावी लागते.

तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली यांत्रिक झडप १९९० मध्ये प्रथम मानवात बसवण्यात आली. आयात झडपांपेक्षा ती स्वस्त असल्याने भारतात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. गुजरातमधील वापी येथे बनणाऱ्या ‘मायव्हॅल’ या टावी झडपेची तुलना ‘लँडमार्क’ चाचणीत परदेशी बनावटीच्या झडपांशी करण्यात आली. ७६८ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या तीस दिवसांत ही झडप इतरांच्या तुलनेत उणी ठरली नाही. तथापि टावीचा खर्च शस्त्रक्रियेपेक्षा बराच अधिक आहे आणि ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांत उपलब्ध आहे.

अभ्यासांच्या मर्यादा

बहुतेक मोठ्या चाचण्या युरोप व उत्तर अमेरिकेत झाल्या असून त्यांत इतर वंशांच्या लोकांचे प्रमाण कमी आहे. स्मृतिभ्रंश, मूत्रपिंडाचा गंभीर विकार किंवा अतिदुर्बलता असलेले वृद्ध चाचण्यांतून सहसा वगळले जातात. तीव्र द्विदली विकाराचे रुग्णही कमी धोक्याच्या प्रमुख चाचण्यांत नव्हते. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष प्रत्येक वृद्ध रुग्णाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. याशिवाय अनेक चाचण्या मृत्यू व पक्षाघात मोजतात. स्वतःची कामे स्वतः करता येणे, घरी राहता येणे यांसारख्या वृद्धांना महत्त्वाच्या वाटणाऱ्या बाबींचे मोजमाप त्या मानाने कमी झाले आहे. अलीकडील अभ्यासांत जीवनमानाच्या प्रश्नावल्या आणि चालण्याच्या चाचण्या यांचा समावेश वाढत आहे.